कासव झोपलेलं नाहीये ताई, गारठलंय

ताई, आधी तुमचा प्रश्न मला समजला तसा मांडतो. नाशिकला राहता, मुलाच्या हट्टापायी दीड वर्षापूर्वी लाल कानाच्या कासवांची जोडी आणली, दोन फुटी काचेची टाकी, हीटर नाही. डिसेंबर लागल्यापासून दोघांचं खाणं बंद. त्यातलं लहान आता एका बाजूला कलून तरंगतंय, डोळे सुजलेत. दुकानदार म्हणाला हायबरनेशन आहे, फेब्रुवारीत उठेल, आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून तुम्ही रोज सकाळी टाकीत तांब्याभर कढत पाणी ओतताय. काय करू म्हणून विचारलंत.

मी पुण्यात सतरा-अठरा वर्षं ही कासवं पाळतोय, त्यातली निम्मी लोकांनी कंटाळून सोडून दिलेली, त्यामुळे दर हिवाळ्यात हाच फोन येतो आणि दर वेळी दुकानदाराचं उत्तरही हेच असतं. ते चूक आहे. तुमचं कासव झोपलेलं नाही, गारठलंय, आणि लहान आजारी आहे.

फरक काय ते सांगतो कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. कासवाला स्वतःची ऊब नसते, पाणी जितकं तितकं त्याचं अंग. ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. तिकडे थंडी पडली की पाणी दहा डिग्रीच्या खाली जातं, कासव तळाशी जाऊन पडतं, शरीराचा सगळा कारभार जवळपास बंद, आणि त्याआधी ते आठवडे-आठवडे खाणं थांबवून पोट रिकामं करून बसलेलं असतं. आपल्याकडे काय होतं, निफाडला पारा कितीही खाली गेला तरी घरातल्या टाकीतलं पाणी सोळा, सतरा, अठरावर येऊन थांबतं. ही सगळ्यात वाईट जागा. झोपायला पुरेसं गार नाही आणि जगायला पुरेसं गरम नाही. पोटातलं पचत नाही, तसंच पडून राहतं, रोगाशी लढणारी यंत्रणा अर्धी झोपलेली, पण जंतू मात्र मजेत. म्हणून आपल्याकडची कासवं कडाक्याच्या थंडीने क्वचित मरतात, या अर्धवट थंडीने मरतात. मुंबईवाले मला म्हणतात आमच्याकडे कुठे थंडी, तर त्यांच्याकडेही जानेवारीत पहाटे पाणी वीसच्या आसपास असतं आणि तेवढंही पिल्लाला त्रासाचं असतं.

आता आज संध्याकाळपासून काय करायचं. कढत पाणी ओतणं बंद करा, अगदी आजपासून. तांब्याभर पाण्याने टाकी दोन डिग्री चढते, तासाभरात परत उतरते, आणि हा चढउतार रोज झाला की चांगलं कासवसुद्धा आजारी पडेल. लहानाला वेगळं काढा. प्लास्टिकचा मोठा टब घ्या, त्यात पाणी फक्त पाठीच्या कवचापर्यंत येईल इतकंच, कारण कलून पोहणारं कासव दमलं की बुडतं, हो, कासवही बुडतं, त्याला फुफ्फुसं आहेत, कल्ले नाहीत. एका बाजूला चढून कोरडं बसायला काहीतरी द्या. पाणी हीटरने हळूहळू २८ डिग्रीवर न्यायचं (कोणता हीटर ते खाली सांगतो), आज रात्री २२-२३, उद्या २५-२६, परवा २८. एकदम नाही. तोवर खायला काही देऊ नका, गार अंगाने खाल्लेलं आत पडून राहील.

आणि डॉक्टर. कलून तरंगणं, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून मान ताणून श्वास घेणं, शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज, यातलं काहीही दिसलं तर तो न्यूमोनिया धरून चालायचं. एका फुफ्फुसात पाणी झालं की ती बाजू जड होते आणि कासव तिकडे कलतं. पोटात गॅस झाला तरी कलतं, घरून फरक कळत नाही, एक्स-रे काढला की कळतो. इंजेक्शनं लागतील, ती पुढच्या पायात देतात, मागच्या नाही, कारण मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडाकडून फिरून जातं. हे मुद्दाम सांगतोय कारण कुत्र्या-मांजराच्या डॉक्टरला कधी कधी हे माहीत नसतं. फोन करून आधी विचारा, सरपटणारे प्राणी बघता का. नाशिकात कोणी नाहीच सापडलं तर मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा सातारा जिल्ह्यातलं शिरवळचं, तिथे चौकशी करा. नेताना पाण्यात नेऊ नका, ओलसर टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्यात, बाजूला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. आणि डॉक्टरांनी औषध दिलं तरी घरी पाणी गार असेल तर औषध लागू पडत नाही, हे अनुभवाने सांगतो, दोन कासवं गेली माझी सुरुवातीच्या काळात, औषध बरोबर होतं, टाकी अठरा डिग्रीची होती.

सुजलेल्या डोळ्यांचं वेगळं. तुम्ही लिहिलंय की त्यांना फक्त डब्यातली सुकी कोळंबी देता. म्हणजे दीड वर्ष माणसाने फक्त कुरमुरे खाल्ल्यासारखं झालं. त्यात अ जीवनसत्त्व नावाला, डोळ्यांच्या पापण्या सुजतात, मिटतात, मग दिसत नाही म्हणून आणखी खात नाही. पण इथे घाई नको, आपल्या गोळ्या फोडून तोंडात घालायच्या भानगडीत पडू नका, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर कातडी सोलून निघते. ते डॉक्टरांना ठरवू द्या. खाण्याचं खाली सांगतो.

हीटर. हा विषय थोडा लांबणार आहे.

पाण्यात पूर्ण बुडणारा, थर्मोस्टॅटवाला हीटर घ्या. किती वॅटचा, तर आपल्याकडच्या थंडीला लिटरमागे एक वॅट हा ढोबळ हिशोब पुरतो. तुमची दोन फूट बाय एक फूट टाकी, पाणी आठ इंच म्हणजे साधारण ३६ लिटर. ५० वॅटचा कागदावर चालेल, पण मी ७५ किंवा १०० चा घेईन, नाशिकची पहाट वेगळीच असते. विजेच्या बिलाची भीती घालतात लोक. शंभर लिटर पाणी एक डिग्री चढवायला ११६ वॅट-तास लागतात, तर तुमचं ३६ लिटर पाणी १७ वरून २७ वर न्यायला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही. खरा खर्च ते टिकवण्यात आहे, आणि तो थर्माकोलने निम्म्यावर येतो. टाकीच्या खाली एक शीट, मागे आणि दोन्ही बाजूंना एकेक, बाहेरून चिकटवा. आत अजिबात नाही, कुरतडून खातात आणि आतड्यात अडकतं. टाकी खिडकीजवळ असेल तर हलवा, दारासमोर असेल तरी हलवा. वर जाळी ठेवा, अर्धी फडक्याने झाका, कारण पाणी २७ आणि वरची हवा १४ असली की प्रत्येक श्वासाला छातीत गारठा जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, हीटर लावला तरी कासव आजारी पडलं म्हणतात.

हीटर काचेचा असेल तर त्याला प्लास्टिकची जाळी हवी, किंवा सरळ स्टीलचा घ्या. मोठी मादी त्यावर रेलून बसते, ढकलते, आपटते, काच फुटली की पाण्यात करंट. हीटर आडवा, तळाजवळ लावा म्हणजे पाणी कमी झालं तरी उघडा पडणार नाही. पाणी बदलताना आधी प्लग काढायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, मग हात घालायचा. गरम काच हवेत आली की तडकते. वायर आधी खाली लोंबू द्या आणि मग वर प्लगात घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल. घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या, ते कासवासाठी नाही, तुमच्या मुलासाठी.

आणि हीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. माझ्याकडे एक होता, नाव घेत नाही, २६ वर लावला होता, रात्री आतला थर्मोस्टॅट चिकटला आणि सकाळी पाणी ३८. माझी म्हातारी मादी वाचली ती केवळ बाहेर चढून बसायला जागा होती म्हणून, रात्रभर फळीवर बसून राहिली होती, तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते अजून आठवतं. तेव्हापासून मी अंडी उबवायच्या मशीनला लावतात ना तो बाहेरचा टेंपरेचर कंट्रोलर वापरतो, हीटर त्याच्यातून चालवायचा, हीटरची स्वतःची खूण २९-३० वर आणि कंट्रोलर २६ वर, म्हणजे एक अडकला तरी दुसरा आहे. तुमच्याकडे पोल्ट्रीचं सामान मिळणाऱ्या दुकानांत मिळेल. नसेल परवडत तर निदान दीडदोनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर, वायरवाला. काचेवर चिकटवायची रंगीत पट्टी असते ती पाण्यापेक्षा खोलीचं तापमान जास्त सांगते.

निरोगी मोठ्याला २४ ते २६ पुरे, पिल्लाला २६ ते २८. त्याहून वर उगाच ठेवू नका. पाणीच इतकं गरम असलं की कासव बाहेर येऊन ऊन खायचं सोडून देतं, आणि ते त्याला लागतंच.

लाइट गेली तर? रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून टाकीत तरंगत ठेवा, वरून गोधडी टाका, थोडी फट ठेवून. चार-पाच तास आरामात निघतात.

आता बाहेर बसायची जागा. तुमच्या वर्णनावरून टाकीत फक्त प्लास्टिकचं ताडाचं झाड असलेलं बेट आहे, त्यावर एकच मावतं. मग मोठं रोज वर आणि लहान रोज पाण्यात, हेच झालं असणार. ही कासवं एकमेकांना ढकलतात, चावतात, आपल्याला वाटतं खेळतायत. जोडीने आणावं म्हणून सांगतात, वास्तूच्या नावाखाली तर सर्रास, पण यांना सोबतीची गरज नाही. दोन विटा आणि वर कडप्प्याचा तुकडा, हे मी वर्षानुवर्षं वापरतोय, कडप्पा छान तापतो आणि ऊब धरून ठेवतो. कडा घासून घ्या, खाली काचेवर रबरी मॅट टाका नाहीतर काच जाईल, आणि चढायला एक तिरकी फरशी. त्याच्या वर क्लिपचा दिवा, आपला पिवळा ६० वॅटचा बल्ब चालतो, एलईडी नाही, एलईडीला ऊब नसते. साधारण वीतभर वर ठेवून सुरुवात करा, कडप्प्यावर थर्मामीटर ठेवून बघा, ३० ते ३४ आलं की तिथेच घट्ट बांधा. बल्ब पाण्यात पडणार नाही असा बांधा, क्लिपवर भरवसा ठेवू नका, तारेने आवळा. दिवसा दहा-बारा तास, रात्री बंद. हीटर मात्र चोवीस तास.

कोरडं होणं म्हणजे नुसती ऊब नाही. कवच पूर्ण वाळलं की त्यावरची बुरशी, शेवाळ टिकत नाही. कवचाला खोबरेल तेल, हळद, टूथपेस्ट असलं काही लावू नका, खरंच लावतात लोक. कवच मऊ पडलं असेल, दाबलं की दबत असेल, किंवा खालून लालसर चट्टे, वास येत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा.

ऊन. यात एक गैरसमज आपल्या हाडीमाशी रुजलाय, कोवळं ऊन चांगलं. बाळांना सकाळी सातला अंगणात घेऊन बसतो तसं कासवालाही सातला गच्चीवर नेतात. ऊब मिळते, पण कासवाला जे हवं असतं, यूव्हीबी, ज्याच्यामुळे डी जीवनसत्त्व तयार होतं आणि कॅल्शियम हाडात, कवचात जातं, ते सूर्य वर आल्याशिवाय फारसं मिळत नाही. साधी खूण, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. नाशिकला जानेवारीत ते दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान. टबात, अर्धी बाजू सावलीत, थोडं पाणी, अर्धा तास, आठवड्यातून तीन-चारदा, आणि तुम्ही जवळ बसून. वरून जाळी हवी, घार आणि कावळा दोघांचा डोळा असतो. काचेची टाकी उचलून उन्हात ठेवू नका, एक तर काच यूव्हीबी अडवते आणि दुसरं, पंधरा मिनिटांत आत भट्टी होते. बंद खिडकीतून येणारं ऊनही त्याच कारणाने निकामी. आजारी लहानाला मात्र वारा असेल तर नेऊच नका सध्या.

फ्लॅटमध्ये ऊन येतच नसेल तर यूव्हीबीची ट्यूब, ५.० लिहिलेली, कडप्प्यापासून फूटभर, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको. प्रकाश दिसत असला तरी वर्षभरात त्यातलं यूव्हीबी संपतं, बदलायची. निळा-जांभळा दिसणारा स्वस्त बल्ब यूव्हीबी म्हणून विकतात, त्याचा उपयोग शून्य.

खाणं. पाणी २५ च्या वर गेलं आणि दोन दिवस टिकलं की मोठं बहुतेक स्वतःच तोंड मारेल. कासवाचे पेलेट म्हणजे तयार सुके दाणे, चांगल्या कंपनीचे, सगळे मिळून त्याच्या डोक्याएवढे, दिवसातून एकदाच. सोबत पाला, शेवग्याचा, मेथी, किसलेलं गाजर, लाल भोपळा, कोथिंबीरही खातात. गाजर-भोपळ्यातून तेच अ जीवनसत्त्व मिळतं. पालक कधीतरी, रोज नाही, तो कॅल्शियम धरून ठेवतो. आठवड्यातून एकदा गांडूळ किंवा काटे न काढलेला छोटा मासा. पिल्लं जास्त मांसाहारी, वय वाढेल तसा पाला वाढवायचा, आणि मोठं झालं की एक दिवसाआड. पोळी, भात, पाव, नुसतं चिकन नाही. पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, माकुलाचं पाठीचं हाड, त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा, चघळतात, कॅल्शियमही मिळतं आणि चोचही घासली जाते. ती सुकी कोळंबी महिन्यातून एखाद्या वेळेस लाड म्हणून, बाकी तो डबा मांजराला द्या.

पाण्याबद्दल थोडक्यात. कासवाची घाण माशांच्या कित्येक पट, म्हणून फिल्टर टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्यायचा. आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, सगळं नाही, आणि नवीन पाणी आधी त्याच तापमानाला आणून. हिवाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं, ते सरळ नळीने सोडलं की केलेलं सगळं गेलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळा, त्यातले चांगले जंतू अमोनिया संपवत असतात आणि नळाच्या क्लोरीनने मरतात. आणि ही भांडी, टब, काहीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो, दिसायला ठणठणीत असलं तरी. अमेरिकेत लहान मुलं आजारी पडायला लागली म्हणून १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासव विकायलाच बंदी घातली. मुलाला हात लावू द्या, पण नंतर साबणाने हात, आणि पापी घेणं बंद.

टाकीचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण तुम्हाला आवडणार नाही. दोन फुटी टाकी दीड वर्षाच्या एकाही कासवाला पुरत नाही. कवचाच्या एका इंचामागे चाळीसेक लिटर पाणी धरतात, तुमचं मोठं आज चार इंचांचं असेल तर १६० लिटर, आणि मादी असेल तर ती दहा-अकरा इंचांची होणार आणि तीसेक वर्षं जगणार, तुमच्या मुलाची मुलं तिला पाला घालतील. पुढच्या पायांची नखं लांब आणि शेपूट जाड-लांब असेल तर नर, पण या वयात नक्की सांगता येत नाही. साडेतीन फुटी टाकी महाग पडते, त्यापेक्षा अडीचशे लिटरचा प्लास्टिकचा टब गॅलरीत आडोशाला, तेच थर्माकोल, तोच हीटर, वॅट वाढवून. दिसायला काही खास नाही, पण कासवाला दिसण्याशी काही घेणं नसतं.

नाही झेपलं तर मला कळवा, सांभाळणारं घर शोधू. पण गोदावरीत सोडू नका, रामकुंडात तर नाहीच, देवळाच्या तळ्यातही नाही, पुण्य म्हणून सोडतात लोक. ही जात जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत आहे, आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावते. आणि एकदा नीट बघून घ्या, डोळ्यामागे लाल पट्टा आहे ना? नसेल, आणि कवच मऊसर, पोटाखाली मागच्या पायांवर झाकणासारखी कातडी असेल, तर ते आपलं देशी कासव आहे, ते घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, वनखात्याच्या १९२६ वर फोन करून सांगा.

आज हीटर आणायला जाल तेव्हा थर्मामीटरही आणा, आणि पाण्याचं तापमान एकदा हीटर लावायच्या आधी, मग रात्री दहाला आणि पहाटे सहाला लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. लहानाचं उद्या नाकाजवळ बुडबुडे येतायत का ते बघून सांगा, येत असतील तर अजिबात थांबू नका, तडक डॉक्टर गाठा.